ताई, तुमचा अवर रेट किती? नाशिकमध्ये फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंट सुरू करणाऱ्यांसाठी

अंबडच्या एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्यांच्या केबिनमध्ये मी कोटेशन घेऊन बसले होते. बाहेर दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणकचलित मशीन, चालू होत्या आणि कूलंटचा वास थेट चहाच्या कपापर्यंत येत होता. माझ्या कागदावर एकच ओळ होती: 'वेबसाइट, पाच पानं, रुपये १२,०००.' मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बारा कसे काढले?"

"साधारण सगळे एवढेच घेतात."

"सगळ्यांचं जाऊ द्या. ताई, तुमचा अवर रेट किती?"

मला सांगता येईना. मग त्यांनीच आपला हिशेब ऐकवला. मशीनचा हप्ता, गाळ्याचं भाडं, वीज, ऑपरेटरचा पगार, टूल आणि इन्सर्टची झीज, हे सगळं महिन्याला किती होतं आणि महिन्यात मशीन खरोखर किती तास चिप काढतं, म्हणजे धातू कापतं, याचा भागाकार म्हणजे मशीन अवर रेट. त्यांचा तेव्हा साडेचारशे होता. "मशीन उभं असलं तरी हप्ता थांबत नाही," ते म्हणाले. "उभ्या वेळेचे पैसे चालत्या तासावरच बसवावे लागतात. हे ज्याला कळत नाही तो दोन वर्षांत मशीन विकतो." सेटिंगचे पैसे वेगळे. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की कोटेशन नवीन.

ते काम मी बारा हजारातच केलं, कारण कागद देऊन बसले होते. पुरे ४६ तास गेले. म्हणजे तासाला २६० रुपये. त्यांची व्हीएमसी माझ्यापेक्षा जास्त कमवत होती.

आपल्याकडची नवी मुलं रेट काय लावावा हे पुणे-बंगळुरूच्या लोकांना विचारतात, व्हिडिओ बघतात. माझं मत असं, की रेट लावायची शाळा अंबड-सातपूरला आहे आणि ती आपल्या घरापासून सिटी बसच्या अंतरावर आहे. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी तिथेच शिकले.

पहिली पायरी: उभ्या मशीनचा हिशेब

वही घ्या. एकट्या माणसाचा, सिडको किंवा इंदिरानगरात राहणाऱ्याचा, एक नमुना देते. आकडे तुमचे टाका.

घरखर्चातला तुमचा वाटा, भाडं, किराणा, पेट्रोल, फोन धरून महिन्याला २८,०००. धंद्याचा खर्च, म्हणजे इंटरनेट, इन्व्हर्टर, सॉफ्टवेअरच्या वर्गण्या, सीएची फी आणि चार वर्षांनी लॅपटॉप बदलायचा म्हणून बाजूला टाकलेली रक्कम, ७,०००. आरोग्य विमा आणि बचत १०,०००. झाले ४५,०००. वर्षाचे ५,४०,०००. त्यावर बुडीत बिलं, रिकामे महिने आणि कर यांसाठी २० टक्के चढवा: ६,४८,०००.

आता तास. वर्षाचे ५२ आठवडे. दिवाळी, लग्नसराई, आजारपण, गावाकडची कामं यात सहा आठवडे जातात. उरले ४६. आठवड्याला पाच दिवस आणि दिवसाला चार तास. होय, चारच. बाकीचे तास फोन, भेटी, कोटेशन, पैशांचा तगादा आणि नवीन शिकणं यात जातात आणि त्यांचं बिल कोणाला लावता येत नाही. ४६ गुणिले ५ गुणिले ४ म्हणजे ९२० तास. ६,४८,००० भागिले ९२० केलं की तासाला साधारण ७०४ रुपये येतात.

नवखी मुलं इथे दिवसाचे आठ तास धरतात. आठ धरले की रेट निम्मा, ३५२ होतो, आणि वर्षअखेरीला पैसे कुठे गेले ते कळत नाही. ते कुठेही गेलेले नसतात, मुळात आलेलेच नसतात.

"मी आईवडिलांकडे राहतो, मला भाडं नाही," हे हमखास ऐकू येतं. तरी भाडं धरा. ते न धरता रेट लावणं म्हणजे तुमच्या क्लायंटला तुमच्या वडिलांनी सवलत देणं. वडिलांना विचारलंय का?

हा ७०४ चा आकडा क्लायंटला सांगायचा नसतो. ही तुमच्या पायाखालची फरशी. कोटेशन हिच्या वर किती जाईल हे काम काय आहे यावर ठरेल, पण खाली गेलं तर ते काम न घेता झोपलेलं बरं.

दुसरी पायरी: महिनाभर वेळ लिहा

दर कामापुढे सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ टाका. वही चालेल, मोबाइलमधलं ॲप चालेल. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत कोडिंगपेक्षा जास्त तास क्लायंटकडून फोटो आणि मजकूर मिळवण्यात गेले होते. पुढच्या कोटेशनपासून मजकूर लिहिण्याचे पैसे वेगळे लावले. वही नसती तर हे सुचलंच नसतं.

तिसरी पायरी: पहिली कामं कोणाची घ्यायची

पहिल्या दोन-तीन कामांत पैसा कमी असतो, हे मान्य. पण ती कामं कोणाची असावीत हे मात्र निवडा, कारण पुढची कामं तशीच येतात. लग्नाच्या लॉनवाल्याची साइट केली की दुसरा लॉनवाला फोन करतो.

कारखानदार, म्हणजे सातपूर, अंबड आणि सिन्नरचे छोटे युनिटवाले, हे माझे आवडते क्लायंट. त्यांची साइट गिऱ्हाइकासाठी नसते, मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्यासाठी असते. त्याला फिरणारी चित्रं नको असतात. मशीन कोणत्या, बेडची साइज काय, किती मायक्रॉनपर्यंत काम होतं, तपासणीची उपकरणं कोणती, आयएसओ प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत, हे एका पानावर आणि छापता येईल असं हवं. हे तुम्हाला कळलं की तुम्ही त्या मालकाच्या भाच्याने केलेल्या साइटच्या पुढे गेलात. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जाऊन बसा. बोलू नका, ऐका.

द्राक्ष निर्यातदार, म्हणजे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत. इथे हंगाम सांभाळावा लागतो. जानेवारी ते एप्रिल माल चालू असताना गेलात तर कोणी बसा म्हणणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्याही आधी, पावसाळ्यात जा. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शन असतं, तिथे जाणाऱ्याला साइट डिसेंबरअखेर तयार लागते. त्यांचा खरेदीदार युरोपात, त्यामुळे पॅकहाउसचे फोटो, ग्लोबलगॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं) प्रमाणपत्र आणि इंग्रजी मजकूर नीट हवा.

येवल्याचे पैठणीवाले हा तिसरा गट. काम कष्टाचं असतं. दर साडी वेगळी, फोटो वेगळा, साठा एकच नग. पण ऑनलाइन विक्रीचं सगळं शिक्षण एकाच कामात होतं.

आणि सिंहस्थ. २०१५ नंतरचा कुंभमेळा २०२७ मध्ये आहे, त्यामुळे हॉटेल, होमस्टे, टूर, गाड्या भाड्याने देणारे सगळे बुकिंगची साइट मागतात. कामं घ्या, पण साइट लाइव्ह करण्याआधी सगळे पैसे हातात घ्या. पर्वणी संपली की अशा धंद्यातले काही फोनसुद्धा बदलतात.

नातेवाइकांचं काम फुकट करावं का? माझं उत्तर: करायचंच असेल तर पूर्ण रकमेचं बिल बनवा, खाली शंभर टक्के सवलत लिहा आणि ते बिल पाठवा. मावशीला राग येत नाही, उलट ती चार जणांना सांगते की माझ्या भाचीने एवढ्या किमतीचं काम करून दिलं.

क्लायंटकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यांची आत्ताची साइट मोबाइलवर उघडून बघा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर तपासा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा, बटण दाबल्यावर साइटने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यायला हवा, असे गुगलचे मापदंड आहेत. संपर्काचा फॉर्म भरून बघा, मेल जातो का. बऱ्याच साइटचा जात नाही आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो. हे सगळं एका कागदावर छापून घेऊन जा, 'तुमचा फॉर्म मेल पाठवत नाही' ही ओळ सगळ्यात वर. कारखान्यात सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा शिफ्टची गडबड असते. तीननंतर चहाच्या वेळी जा.

चौथी पायरी: कोटेशन

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून इथे रेंगाळते.

'वेबसाइट, पाच पानं' हे कोटेशन नव्हे. ती चिठ्ठी आहे. कारखानदार ड्रॉइंगशिवाय भाव देत नाही, कारण नंतर "भोक सहाचं नाही, आठचं हवं होतं" असं ऐकावं लागतं. आपलं ड्रॉइंग म्हणजे कामाची व्याप्ती. कोणती पानं, प्रत्येक पानावर काय, मराठी की इंग्रजी की दोन्ही, फॉर्म किती आणि त्यांचे मेल कोणाला जाणार, पैसे घेण्याची सोय आहे का, मजकूर आणि फोटो कोण देणार. त्याखाली 'यात काय नाही' असा वेगळा परिच्छेद. हा परिच्छेद लिहायला लोक लाजतात. लाजू नका. 'लोगो, व्हिडिओ, गुगल जाहिराती आणि उत्पादनांची यादी भरणं यात धरलेलं नाही' हे एक वाक्य माझे दरवर्षी काही दिवस वाचवतं.

बदल किती, हे आकड्यात लिहा. मी अशी ओळ टाकते: 'डिझाइनमध्ये दोन वेळा बदल करून मिळतील. मेलवर मंजुरी दिल्यानंतरचे बदल तासाच्या दराने होतील.' मंजुरी मेलवरच घ्या. फोनवरचं "चालेल, करून टाका" महिन्याने कोणाला आठवत नाही. अंबडच्या माणसाला ही अट समजावून सांगावी लागत नाही. "ड्रॉइंग फ्रीझ झालं की रिव्हिजनचे पैसे वेगळे" एवढं म्हटलं की तो मान हलवतो.

पैशांचे टप्पे: ४० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के साइट चाचणीच्या लिंकवर दाखवल्यावर, २० टक्के लाइव्ह करण्याच्या आधी. 'आधी' हा शब्द ठळक करा. लाइव्ह झाल्यावरचे वीस टक्के म्हणजे बऱ्याचदा पुढच्या गुढीपाडव्याचे वीस टक्के. ॲडव्हान्स द्यायला नकार देणारा क्लायंट मी घेत नाही. दोनदा घेतला, दोन्ही वेळा पस्तावले.

क्लायंट मजकूर देत नाही म्हणून काम तीन महिने लटकतं, ही तक्रार सगळ्यांची. त्यावर एक ओळ: 'मजकूर मागितल्यापासून ३० दिवसांत न आल्यास दुसऱ्या टप्प्याचं बिल पाठवलं जाईल.' हे बिल मी क्वचितच पाठवलंय, पण ओळ असली की फोटो येतात.

डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर, त्याच्या कार्डाने. एका क्लायंटचं जुनं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या खात्यात होतं. डेव्हलपर परगावी गेला, नूतनीकरण राहिलं आणि बारा वर्षं व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता गेला. डोमेन स्वतःकडे ठेवून क्लायंट बांधून ठेवता येतो असं काही जण सुचवतील. त्यांचं ऐकू नका, नाशिक एवढं मोठं शहर नाही.

घासाघीस होणारच. "थोडं बघा ना मॅडम" याला माझं उत्तर ठरलेलं: "बघू की, कोणतं पान काढायचं?" रक्कम कमी करायची तर काम कमी करायचं. तेच काम तीन हजारांनी स्वस्त केलंत, तर आधी तीन हजार जास्त का लावले होते, हा प्रश्न समोरच्याच्या मनात कायमचा राहतो.

शेवटी, कोटेशनची मुदत. ३० दिवस. नाहीतर दोन वर्षांपूर्वीचा कागद घेऊन लोक येतात.

पाचवी पायरी: एएमसी विका

एअर कंडिशनरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, असते, कॉम्प्रेसरची असते, लिफ्टची असते. साइटची का नको? आपल्याकडच्या धंदेवाल्यांना हा शब्द पाठ आहे, त्याचा फायदा घ्या. वर्षभराची देखभाल: वर्डप्रेस (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) आणि प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) अद्ययावत ठेवणं, आठवड्याचा बॅकअप, महिन्याला ठरलेल्या तासांचे किरकोळ बदल, साइट बंद पडली तर किती वेळात बघणार याचं आश्वासन. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जाणार नाहीत, हे आधीच लिहा.

आठ-दहा एएमसी झाल्या की घरभाडं निघतं, आणि घरभाडं निघालं की नको ते काम नाकारायची हिंमत येते. रेट वाढवण्याची तयारी माझ्या मते इथे होते.

सहावी पायरी: कोणत्या कामासाठी फोन येणार?

पाच पानांची साधी साइट आता एआयच्या साधनांनी एका दुपारीत उभी राहते, मालकाचा बारावीतला मुलगाही करतो. त्या कामाचा भाव खाली जातोय आणि जाणार. त्यावर हळहळून उपयोग नाही. बिघाड झाल्यावर ज्याला फोन करावा लागतो, त्या जागी जाऊन बसा.

माझं उदाहरण सांगते. येवल्याच्या एका दुकानात ऑर्डर आल्या की कधीकधी पैसे जमा दिसत, पण साइटवर ऑर्डर 'प्रलंबित'च राहायची. गिऱ्हाईक फोनवर भांडायचं. कारण साधं होतं. यूपीआयने पैसे देताना माणूस साइटवरून त्याच्या ॲपमध्ये जातो, पैसे देतो आणि बऱ्याचदा परत येतच नाही, ॲप बंद करून मोकळा होतो. जुन्या कोडमध्ये गिऱ्हाईक साइटवर परतलं तरच ऑर्डर पक्की व्हायची. पेमेंट गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, वेबहुक, तो नीट जोडून आणि निरोप खरोखर गेटवेचाच आहे हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासून ऑर्डर पक्की करायला हवी होती. दीड दिवसाचं काम. त्याचे मी पाच पानांच्या अख्ख्या साइटएवढे पैसे घेतले आणि दुकानदाराने मिठाई पाठवली, कारण रोजची भांडणं थांबली.

तेव्हापासून मी वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) आणि पेमेंटची कामं जास्त घेते. तुमचं वेगळं असेल: टॅलीशी साइट जोडणं, हळू चालणाऱ्या साइट वेगवान करणं, जुनी साइट गुगलवरची जागा न घालवता नव्या जागी नेणं, रिॲक्टमध्ये डॅशबोर्ड. एक धरा आणि वर्षभर सोडू नका. एक प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत विचारायची सवय लावा: "ही साइट एक दिवस बंद राहिली तर तुमचं काय जातं?" उत्तर "काही नाही" असेल तर तिथे रेट वाढत नाही, कितीही सुंदर कोड लिहा. उत्तर "चाळीस ऑर्डरी जातात" असेल तर तासाचा हिशेब बाजूला ठेवून त्या चाळीस ऑर्डरींच्या तुलनेत भाव सांगा.

सातवी पायरी: रेट वाढवणं

क्रम असा ठेवा: आधी नवे क्लायंट, मग जुने. नव्याला तुमचा कालचा रेट माहीत नसतो. दर तीन-चार कोटेशनांनंतर १५ ते २० टक्के चढवा आणि किती होकार येतात ते वहीत लिहा. पाचपैकी पाच जण न घासता हो म्हणत असतील तर तुम्ही स्वस्त आहात, त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. पाचात दोन-तीन होकार आले की ठीक चाललंय. सलग पाच नकार आले तर रेट खाली आणण्याआधी कोणाकडे जाताय ते बघा. चुकीच्या दारात बरोबर रेटही महाग वाटतो.

जुन्यांना दोन महिने आधी कळवा आणि तारीख १ एप्रिल ठेवा, सगळ्यांचे करार तेव्हाच बदलतात. मी हा मेल पाठवते:

'नमस्कार साहेब, १ एप्रिलपासून माझा तासाचा दर ९०० ऐवजी १,१०० रुपये होत आहे. ३१ मार्चपर्यंत मंजूर झालेली कामं जुन्याच दराने होतील. एएमसीचं नवीन कोटेशन सोबत पाठवते आहे.'

बस. पेट्रोल महागलं, घरात अडचण आहे, असलं काही लिहायचं नाही. क्षमस्व तर अजिबात नाही. मेल गेल्यावर फोन येईपर्यंत पोटात गोळा येतो, तो येऊ द्या.

अंबडच्या त्या मालकांना हा मेल पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं आणि ब्रेकअप (खर्चाची फोड) मागितला. दिला. त्यांनी पेन घेऊन एकेक ओळ पाहिली, बॅकअपचे तास जास्त वाटतात म्हणाले, मी साठवणुकीचा खर्च दाखवला. दोन तास कमी केले, तेवढी रक्कम उतरली, नवा रेट तसाच राहिला आणि पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, निघाला. ज्यांच्याकडे ब्रेकअप नसतो त्यांना अशा वेळी रेट सोडावा लागतो.

काम हातात बसलं की तासावर बिल लावणं सोडा, कामावर लावा. पूर्वी दहा तास लागणारं काम आता चार तासांत होतं, याचा दंड तुम्ही का भरायचा? तासाचा हिशेब मात्र स्वतःच्या वहीत कायम ठेवा.

आठवी पायरी: नाशिकबाहेर

स्थानिक कामांना एक छत असतं. ते डोक्याला लागायला लागलं की पुण्या-मुंबईच्या एजन्सींसाठी काम बघा. क्लायंट त्यांचा, नाव त्यांचं, कोड तुमचा. पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे आधीच लेखी विचारून घ्या.

परदेशी कामासाठी फायव्हर, अपवर्क अशा ठिकाणांवरून सुरुवात होते. फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं, तेव्हा भाव लावताना ते धरा. लंडनचा क्लायंट आपल्याला सोयीचा, फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा. न्यूयॉर्कचा साडेनऊ-साडेदहाचा, म्हणजे मीटिंग रात्रीच्या जेवणानंतर. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पैसे बँकेत थेट, पेपाल, पेओनियर किंवा वाइजने येतात. फी आणि विनिमय दरातला फरक मिळून किती जातं हे पहिल्याच बिलावर तपासा. बँक परपज कोड (पैसे कशाचे आले याचा सांकेतिक क्रमांक) विचारते, सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी पी०८०२ असतो. परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र दर वेळी मागून फाइलला लावा, सीए नंतर तेच मागतो.

नववी पायरी: कागद

पहिल्या वर्षीच एकदा सीएकडे जा. थोडक्यात एवढं माहीत असू द्या. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आपल्या कामावर दर १८ टक्के. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी असेल आणि परदेशी काम करत असाल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरलं की त्या बिलांवर कर न लावता काम करता येतं. प्राप्तिकरात सीए ज्याला ४४एडीए म्हणतात त्या योजनेत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. जमेची मर्यादा ५० लाख, रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. क्लायंट कंपनी बिलातून टीडीएस (तुमच्या नावाने आधीच कापलेला कर) कापते, तो प्राप्तिकर खात्याच्या, सीए ज्याला २६एएस म्हणतात त्या, पत्रकात दिसतो का हे दर तिमाहीला बघा. कापून न भरलेला टीडीएस मार्चमध्ये सापडला तर धावपळ तुमची.

आता कामाची गोष्ट. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करासाठी दाखवता येत नाही. सातपूर-अंबडच्या प्रत्येक अकाउंटंटला हे माहीत आहे, कारण त्याला स्वतःच्या पुरवठादारांकडून रोज ऐकावं लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थकलेल्या बिलांची यादी अकाउंटंटला नम्रपणे मेल करा, मालकाला नव्हे. माझी थकबाकी सगळ्यात जास्त याच एका मेलने सुटली आहे.

जुने क्लायंट सोडताना

रेट वाढला की काही जण मागे राहतात. त्यांच्यावर उपकार म्हणून जुन्या रेटने काम चालू ठेवलंत तर ते काम रात्री अकराला, कंटाळून होतं, आणि त्यांनाही ते जाणवतं. त्यापेक्षा नव्याने सुरुवात केलेल्या कोणाची तरी गाठ घालून द्या. जाताना एका फाइलमध्ये डोमेन कुठे आहे, होस्टिंग कुठे, नूतनीकरणाच्या तारखा, प्लगइनचे परवाने, शेवटचा बॅकअप, फॉर्मचे मेल कुठे जातात, हे लिहून द्या. सगळे पासवर्ड क्लायंटलाच बदलायला सांगा आणि तुमचं लॉगिन काढून टाकायला लावा, समोर बसून. नव्या मुलाला वर्षभर एखादा फोन करायची मुभा द्या. पहिला फोन बहुधा एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या, प्रमाणपत्राबद्दल येतो.